मॅडम आहेत, पण तासावरच्या



गावातली एखादी मुलगी एम.ए., एम.एस्सी. होऊन तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागली की साऱ्या वाडीला बरे वाटते. “आमची पोर प्राध्यापक झाली,” असे आई चार जणींत सांगते. स्थळे चांगली येऊ लागतात. भाऊबंद उसने मागायला येतात. बचत गटात तिच्या आईला किंवा सासूला कुणी म्हणते, “तुम्हाला काय कमी? लेक प्राध्यापक आहे.” आणि त्या लेकीच्या खात्यावर तीन-तीन महिने छदामही आलेला नसतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ना, तसे आहे हे.

अशा शिक्षकांना आपल्याकडे ‘तासिका तत्त्वावरील प्राध्यापक’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीएचबी’ म्हणतात. जितके तास शिकवले तितक्या तासांचे पैसे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अशा शिक्षकांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात आणि तिथेही त्यांची तक्रार हीच असते, की काम वर्गातल्या बाकीच्यांसारखे आणि मोबदला तासापुरता. आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. कारण या मुली आपल्याच घरातल्या आहेत, आणि त्यांना कुठे काय मिळू शकते हे त्यांनाही कुणी नीट सांगितलेले नसते.

आधी पैशांचा हिशेब समजून घेऊ. कॉलेजात कायम असलेल्या सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातले सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. तिने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे अशी अपेक्षा असते. तासिकेवरच्या मुलीला सर्वसाधारणपणे आठवड्याला नऊच्या आसपास तासिका मिळतात. समजा, तासाचा दर ८०० रुपये धरला. आठवड्याला नऊ, म्हणजे महिन्याला ३६ तास, म्हणजे २८,८०० रुपये. कागदावर वाईट दिसत नाही. पण दिवाळीची सुट्टी आली, परीक्षा आल्या, गॅदरिंग आले, सणावाराचे दिवस आले की तास बुडतात. महिन्यात वीसच तास भरले तर १६,००० झाले. नेमणूक उशिरा झाली तर वर्षाचे पहिले महिने कोरडे. उन्हाळ्यात तर काहीच नाही, आणि नेमके तेव्हाच खरिपाचे बी-बियाणे, मुलांची वह्या-पुस्तके, लग्नसराईचे आहेर असे सगळे खर्च एकदम येतात. एक तास शिकवायला दोन तास घरी वाचावे लागते, त्याचे पैसे कुणी देत नाही. पेपर तपासणे, प्रवेशाच्या वेळचे काम, गावोगावचे सर्वेक्षण, हे ‘जरा मदत करा मॅडम’ म्हणून करून घेतले जाते ते वेगळेच.

मैत्रिणींनो, खुरपणीला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी मजुरी हातात मिळते. हिला मिळत नाही. असे का होते, तेही सांगतो. कॉलेज जाहिरात देते, मुलाखत घेते, मग त्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता लागते, मग बिल उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात जाते, आणि तिथे निधी आला की पैसे सुटतात. या साखळीत कुठेही एक कागद अडला की सगळे थांबते. म्हणून पैसे आले नाहीत तर नुसते प्राचार्यांकडे पाहून उपयोग नाही. बिल कॉलेजातून गेले का, विद्यापीठाची मान्यता आली का, सहसंचालक कार्यालयात ते कोणत्या तारखेला पोचले, हे तीन प्रश्न विचारायचे. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. सहसंचालक कार्यालय सरकारी आहे आणि त्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. अर्ज मुलीच्याच नावाने द्यावा असेही नाही. कॉलेजात नाव वाईट होईल अशी तिला भीती वाटत असेल तर घरातली दुसरी कुणीही व्यक्ती अर्ज करू शकते.

केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१९ मध्ये पाहुण्या शिक्षकांना एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये मानधन ठरवले. आपल्या राज्याचे दर राज्य सरकार शासन निर्णयाने वेगळे ठरवते आणि ते अधूनमधून बदलते. त्यामुळे मुलीने ज्या वर्षी काम केले त्या वर्षीचा शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावरून काढून घरी ठेवावा. दर कुणाच्या तोंडून ऐकू नये, कागदावर वाचावा. पूर्ण विनाअनुदानित कॉलेजात तर संस्था आपल्या मनाने दर ठरवताना दिसतात, तिथे नेमणूकपत्रावर दर लिहून घेतल्याशिवाय पहिला तासही घेऊ नये असे आमचे मत आहे.

आता नेमणूकपत्राचे आणि वहीचे बोलू. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट पाहण्याची सवय आपल्याला लागली, ती काही कुणी आपणहून लावली नाही, ठेच लागून लागली. इथेही तेच आहे. मुलीने एक साधी वही करावी. तारीख, वर्ग, वेळ, काय शिकवले, एवढे चार रकाने. महिना संपला की विभागप्रमुखांची सही घ्यावी. सही नाही मिळाली तरी वही लिहीतच राहावे. नेमणूकपत्र, जाहिरातीचे कात्रण, मुलाखतीचे पत्र, विद्यापीठाचे मान्यतापत्र, बँकेचे पासबुक आणि दर वर्षाच्या शेवटी अनुभवाचा दाखला, हे सगळे एका पिशवीत. मान्यतापत्र तर अगदी महत्त्वाचे. पाच-सहा वर्षे शिकवून झाल्यावर कळते, की कॉलेजाने आपली फाइल विद्यापीठाकडे पाठवलीच नव्हती, आणि मग ती वर्षे कागदोपत्री कुठे दाखवायची हा प्रश्न पडतो. म्हणून सत्र सुरू झाले की महिनाभराने विचारायचे, “सर, माझी मान्यता आली का?” यात लाजण्यासारखे काही नाही.

अनुभवाबद्दल एक गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा शंभर गुणांचा तक्ता आहे. त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत आणि जास्तीत जास्त दहा. वर्ष पूर्ण नसेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे पाच वर्षे झाली की अनुभवाचे गुण संपले. सहावे वर्ष, दहावे वर्ष, पंधरावे वर्ष, या तक्त्यात त्यांची किंमत शून्य. त्याच तक्त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत, नेटला आठ, सेटला पाच. आता तुम्हीच विचार करा. एखादी मुलगी दहा वर्षे रोज एसटीने पन्नास किलोमीटर जाते-येते, ‘आज ना उद्या जागा निघेल, आपण इथलेच आहोत, आपल्यालाच घेतील’ या आशेवर. आणि दुसरीकडे तेवढ्या वेळात कुणी पीएच.डी. करून पुढे गेलेले असते. हा तक्ता आम्हाला न्याय्य वाटत नाही. दहा वर्षे शिकवलेल्या बाईला वर्ग सांभाळता येतो, याची किंमत असायला हवी. पण तक्ता बदलत नाही तोवर आपल्या लेकीचा वेळ कशात घालवायचा, हे त्याच्याकडे पाहूनच ठरवावे लागेल.

म्हणून नेट आणि सेटविषयी थोडे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापक पदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता ठरली आहे. नेट देशभर चालते आणि वर्षातून दोनदा, जूनची आणि डिसेंबरची अशी ओळखली जाते. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी आहे आणि ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. दोन्हीत दोन पेपर असतात, पहिला १०० गुणांचा आणि दुसरा २०० गुणांचा, चूक उत्तराला गुण कापत नाहीत. सेटचा पहिला पेपर मराठीतही असतो, ही आपल्या मुलींच्या दृष्टीने मोठी सोय आहे. प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी या परीक्षांना वयाची अट नाही. लग्न झाले, दोन मुले झाली, वय अडतीस झाले, तरी अर्ज भरता येतो. ‘आता काय तिचे वय आहे का परीक्षा द्यायचे’ असे म्हणणारी मंडळी घरात असतात, त्यांना हे ऐकवा.

पुस्तकांसाठी शहरात राहायला जायची गरज आता तेवढी उरलेली नाही. शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. ई-पीजी पाठशाला या ठिकाणी पदव्युत्तर विषयांचे धडे आहेत. आयआयटी खरगपूरने उभे केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. स्वयम् वर अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क पडते. पीएच.डी.साठी पाठ्यवृत्तीही आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजातल्या मुलींसाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. अर्जाची मुदत निघून गेल्यावर कळते, ही नेहमीची रड आहे, म्हणून आधीच नजर ठेवायची. एक सावधगिरी मात्र बाळगावी: पाठ्यवृत्ती चालू असताना तासिकेचे मानधन घेता येते का, हे त्या संस्थेला लेखी विचारूनच पुढे जावे. नाहीतर घेतलेले पैसे परत करायची वेळ येते.

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. कायम करून देतो म्हणून पैसे मागण्याचा प्रकार. हे उघड गुपित आहे. ‘संस्थेला देणगी’ असे गोड नाव असते, आकडा लाखांत असतो, आणि मध्ये एखादा ओळखीचा माणूस असतो. मग घरात बैठक बसते. दीड एकर विकू, दागिने मोडू, मुलीच्या जन्माचे कल्याण होईल. मैत्रिणींनो, अनुदानित कॉलेजातली कायम जागा एका माणसाच्या शब्दावर मिळत नाही. सरकारची भरतीला परवानगी लागते, जाहिरात लागते, आरक्षणाची बिंदुनामावली तपासावी लागते, निवड समितीत विद्यापीठाचे आणि सरकारचे प्रतिनिधी असतात, आणि नंतर मान्यता. ज्याच्या हातात यातले काहीच नाही, तो तुमच्याकडून आगाऊ पैसे घेतो. भरती निघाली नाही तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो. पैशांची पावती नसते, त्यामुळे मागायचे कोणत्या तोंडाने? जमीन मात्र गेलेली असते.

कायदाही ध्यानात ठेवा. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरले जातात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच घेणाऱ्याबरोबर देणाराही गुन्हेगार ठरतो. कुणी जबरदस्तीने द्यायला लावली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. मागणी झाली की पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करता येतो. तक्रार करा म्हणणे सोपे आहे, त्याच कॉलेजात रोज जायचे असते, हे आम्हाला कळते. पण निदान जमीन विकू नका. एवढे तरी घरातल्या बाईने ठामपणे म्हणावे, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव नसले तरी त्या जमिनीत तिचा घाम असतो.

बाळंतपणाचा प्रश्न तर बायांचाच. तासिकेवरच्या मुलीला दिवस गेले की पुष्कळदा कॉलेज म्हणते, ‘पुढच्या सत्रात बघू.’ म्हणजे काम गेले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिलेली भरपगारी रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेले असावे लागते. दिल्लीच्या महापालिकेत रोजंदारीवर काम करणाऱ्या बायांनाही हा लाभ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की कराराची मुदत मध्येच संपली म्हणून हा लाभ तोडता येत नाही. आता तुमच्या मुलीचे कॉलेज ‘तासिकेवाल्यांना हे लागू नाही’ असे म्हणण्याची शक्यता आहेच, आणि मग भांडावे लागते. पण भांडायला हाती काय हवे? ८० दिवसांचा पुरावा. आठवड्यातून तीन दिवस जात असेल तर साधारण २७ आठवड्यांत ८० दिवस भरतात. ती वही इथे उपयोगी पडते.

वकिलाचा खर्च कुठून आणायचा, असे तुम्ही म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. विद्यापीठातही शिक्षकांसाठी तक्रार निवारण समिती असते, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तिची तरतूद आहे. आधी तिथे अर्ज द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. पण आठवड्याला नऊ तास शिकवणाऱ्या मुलीला तो निकाल आपोआप लागू होईल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तिथे ‘काम समान आहे का’ हाच वाद होतो.

कॉलेजात कुणी अंगचटीला आले, सूचक बोलले, ‘पुढच्या वर्षी तास हवेत ना’ असे म्हणून दबाव टाकला, तर २०१३ चा कायदा तासिकेवरच्या बाईलाही पूर्ण लागू आहे. त्यात हंगामी, तात्पुरत्या, रोजंदारीवरच्या सगळ्याजणी येतात. कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. ज्यांची नोकरी दरवर्षी नव्याने मिळते, त्यांच्यावर असा दबाव टाकणे सोपे असते. म्हणून घरच्यांनी पहिला प्रश्न ‘तू काय केलेस’ असा विचारू नये.

पैशाच्या दोन छोट्या गोष्टी सांगतो. काही ठिकाणी मानधनातून दहा टक्के कर कापतात. वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि कित्येक मुली ते भरतच नाहीत. दुसरे, यांना पेन्शन नाही, विमा नाही. बँकेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो. वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरावा लागत नसेल तर अटल पेन्शन योजनेत खाते काढता येते.

आणि आपला गट काय करू शकतो? पीककर्जाची फेड आपण सुगीवर धरतो. तसाच तासिकेवरच्या सुनेचा हप्ता मानधन आल्यावर धरायला काय हरकत आहे? एप्रिल ते जुलै व्याज तेवढे घ्यावे, मुद्दल पुढे. ती सावकाराकडे जाण्यापेक्षा हे बरे. परीक्षेच्या आधीचा महिनाभर दुपारी दोन तास तिचे मूल कुणीतरी सांभाळले तरी पुष्कळ आहे.

शेवटी एक बारीकसे पण फार अडचणीचे. लग्नानंतर नाव बदलते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर तिसरेच काहीतरी. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर अडवतात, मान्यतेची फाइल परत येते, बँकेत पैसे अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि नाव पूर्ण बदलले असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. ते नको असेल तर शिकतानाचेच नाव सगळ्या कागदांवर राहू द्या. लग्न झाले म्हणून नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे सासरच्या मंडळींनाही एकदा सांगून ठेवा.